हसून मेलेली माणसं

"मला पण ऐकू येतो," बुरूल म्हणाली. "डाव्या कानात. बाबांसारखाच. काशगरचा रेडिओ."

डॉक्टरीणबाई तिच्या दंडावरचा पट्टा सोडवत होत्या. फुस्स करून हवा गेली आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो. खिडकीबाहेर मुर्गाबमध्ये, चीनच्या सीमेजवळच्या आमच्या या उंच पठारावर, बघण्यासारखं काही नाही. एक भिंत, भिंतीवर वाळत टाकलेली चादर, आणि चादरीला उचलून नेऊ पाहणारा वारा. पण मी बघत राहिलो, कारण त्या खोलीत त्या क्षणी बुरूलच्या तोंडाकडे बघणं मला शक्य नव्हतं. तो रेडिओ माझा आहे. वीस वर्षं मी चहाच्या टपरीत बसून सांगत आलोय, की सीमेवर एका चिनी शिपायाने रागाने फेकलेल्या रेडिओचा तुकडा माझ्या डाव्या कानात शिरला, तेव्हापासून मला सीमेपलीकडच्या काशगरचं केंद्र लागतं. सकाळी गाणी, दुपारी कापसाचे भाव, आणि पूर्वेचा वारा असला तर बातम्यासुद्धा. पोरं माझ्या कानाला कान लावून बसतात. काही पोरांना ऐकूही येतं. माझ्या सगळ्या थापांमधली ही सर्वांत गुणी थाप. तिला ना दाणापाणी लागतं, ना राखण. आणि खरं काय, तर कानात शीळ आहे. झील ट्रकचा पट्टा सैल झाला की इंजिनातून जशी येते तशी, बारीक, न थांबणारी. बूट बांधायला वाकलो की वाढते, चढ चढलो की वाढते. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आणि माझ्या घरातली अकरा वर्षांची पोर तीच शीळ त्याच कानात घेऊन, वारशाने आलेली चीज म्हणून, कुणास ठाऊक किती दिवस गुपचूप सांभाळत होती.

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गेल्या थंडीपासून. जास्त करून सकाळी. तेव्हा डोकं पण दुखतं, पण ते रेडिओमुळे."

बाई खोरोगच्या. मोहबेगिम नावाच्या, ठेंगण्या, पांढऱ्या कोटावर पुरुषी जाड कोट घालून बसणाऱ्या. मागच्या शरदात आल्या आणि आल्या-आल्या शाळेतल्या एकूण एक मुलाचा दंड आवळून त्यांनी बीपी मोजलं. एकशे बारा मुलं. लोक हसले, म्हाताऱ्यांच्या दुखण्याचं यंत्र पोरांना लावते म्हणाले. मीच म्हणालो होतो. एकशे बारातून नऊ पोरांना परत बोलावलं, नवातून तिघांना, आणि आज बुरूलला. पहिला पट्टा तिच्या दंडाला पुरला नाही, म्हणून मोठ्या माणसांचा आणला. त्रेपन्न किलो. लाल फुटलेले गाल, मनगटाला वळी. तिच्या त्या वळ्यांचा मला केवढा अभिमान होता! बाजारात लोक म्हणायचे, तुर्दुबाय, पोर कोणत्या कुरणात चारतोस?

"एकशे चौतीस, अठ्ठ्याऐंशी," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळीही एवढंच होतं. आजोबा, जरा इकडे बसा."

"ते आजोबा नाहीत," बुरूल म्हणाली. "बाबा आहेत माझे."

बाईंनी माझ्या दाढीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पण एक हिवाळा आमच्यात काढलेला, आमची रीत त्यांना आता ठाऊक झाली होती. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मुलाची मुलगी. थोरली. तुमच्याकडे दिलेली."

"आमची," मी म्हणालो.

"आमची असू दे. पण रक्त तुमच्या मुलाकडून आलंय ना, आणि त्याच्यात तुमच्यातून. म्हणून विचारते. घराण्यात कुणाला बीपी? झटका? अर्धांग? तरुणपणी अचानक गेलेलं कुणी?"

"छे!" मी म्हणालो. "आमच्यात बीपी नाही, बाई. आमची माणसं हसून मरतात."

"हो!" बुरूल स्टुलावर उडालीच. "बाबांची आई हसून-हसून मेली. जेवणावळीत. तंबूचा खांब धरून. आणि मोठे काका याकशी कुस्ती खेळून मेले, तीन दिवस कुस्ती चालली होती!"

बाईंना हसू आलं. हातातलं पेन तसंच वर राहिलं, मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येत नाही, पण छोटा शब्द होता, नाही एवढाच असावा. मग त्या म्हणाल्या ते मात्र सगळं मी सुलटं ऐकलं. "परवा बुधवारी अजून एकदा मोजू. तेव्हाही एवढंच आलं तर आजार धरायचा. आता कशामुळे? ही उंची आहेच. इथली पातळ हवा, त्यामुळे रक्त घट्ट होतं, हृदयाला जास्त रेटावं लागतं. त्यात तुमचा खारट चहा, वजन, हिवाळाभर घरात बसणं, नीट झोप नाही. घराण्यात नसेल तर मी म्हणेन, मीठ तोडा, लोणी तोडा, हिला चालवा आणि वसंतापर्यंत थांबू. घराण्यात असतं तर येणारा एक हिवाळाही मी हिला वर ठेवली नसती. इथे मुलांचं औषध नाही, मूत्रपिंड बघायचं यंत्र नाही, खिंड बंद झाली तर काही झालं तरी खाली नेता येत नाही. सरळ ओशला आईबापांकडे पाठवा म्हटलं असतं."

"नशीब," मी म्हणालो, "की घराणं हसरं आहे."

घरी जाताना बाजारातून गेलो. आमचा बाजार म्हणजे मालगाडीवरून कधीकाळी उतरवून इथे आणलेले खोलीएवढे लोखंडी डबे, रांगेत मांडलेले. प्रत्येक डब्याच्या दारात एकजण बसलेला आणि प्रत्येकाला मला काहीतरी विचारायचं असतं. "तुर्दुबाय, आज काय फेकलंस?" "थापाड्या, काशगरला हवा कशी आहे?" एरवी मी प्रत्येक डब्यापाशी एकेक टाकून जातो. त्या दिवशी मी बुरूलच्या पावलांकडे बघत होतो. तिसाव्या पावलाला ती थांबत होती. थांबायची, एखाद्या डब्यातले मोजे बघितल्यासारखं करायची, आणि पुढे निघायची. मोजे बघण्याचं नाटक इतकं सफाईदार होतं, की ते माझ्याकडूनच शिकलेलं असणार. ट्रकवर होतो तेव्हा ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा माझ्या नाकासमोर असायचा, तेवीस वर्षं, ओश ते खोरोग, खोरोग ते ओश. काटा लाल रेघेकडे सरकला की गाडी थांबवायची, उतरायचं, नळीवर कान ठेवायचा. तिथे थाप चालत नाही, घाटात काट्याशी थाप मारणारे ड्रायव्हर अजून त्या दऱ्यांमध्ये आहेत. आणि हीच पोर अकरा वर्षं माझ्या नाकासमोर वाढत होती. मी तिचे गाल बघत होतो.

मिठाची गोष्टही माझीच. चार वर्षांची असताना ती चहा पीत नसे, खारट लागतो म्हणून थुंकायची. मी सांगितलं, की ज्याच्या रक्तात मीठ नाही त्याला आमचा वारा उचलून चीनमध्ये टाकतो. मीठ जड असतं, ते माणसाला जमिनीला धरून ठेवतं. शाळेतला तो शिक्षक दिसतो का आता? गोड चहा प्यायचा, गेला. (शिक्षक बदली होऊन दुशान्बेला गेला होता.) तेव्हापासून ती दिवसाला सहा-सहा वाट्या प्यायला लागली. खिशात कुरुत ठेवायची, ते दह्याचे वाळवलेले खारट गोळे, वारा सुटला की एक तोंडात. एकदा मेंढ्यांच्या मिठाच्या दगडाला जीभ लावताना मी तिला पाहिली, मेंढ्यांच्या रांगेत, आपला नंबर आल्यावर. मी हसून बेजार झालो आणि ती गोष्ट आठवडाभर टपरीत सांगितली.

जिपारने वाट्या मांडल्या. माझी बायको बोलते कमी, आणि बोलते तेव्हा भांड्यांकडे बघून बोलते. मी घोट घेतला. दूध होतं, चहा होता, वरती लोण्याची एक टिकली तरंगायची तीही नव्हती. आणि चव अशी, की दार उघडून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटलं.

"मीठ राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं नाही. टाकलं नाही."

"हे आजारी याकला देतात," बुरूल म्हणाली आणि वाटी सरकवली.

"याक शहाणा असतो, गपचूप पितो," जिपार म्हणाली. मग भांड्याकडे बघून मला, "तुमच्या थापांना मीठ लागत नाही, मग चहाला कशाला पाहिजे? आणि काय हो, हसून मरतात असं सांगून आलात म्हणे डॉक्टरणीला."

मी बुरूलकडे पाहिलं. ती वाटीत बघत होती.

"तोंडातून गेलं," मी म्हणालो.

"तुमचं सगळंच तोंडातून जातं. सासूबाई कशाने गेल्या ते मला लग्न करून आणलं तेव्हा तुमच्या काकूने सांगितलं होतं. मी इतकी वर्षं काही बोलले नाही, कारण तुमच्या तोंडून ती गोष्ट ऐकून माणसं हसायची, आणि मला वाटायचं, बाई गेलीच आहे, लोक हसले तर हसू देत." ती उठून चुलीपाशी गेली, वाळलेल्या शेणाचा एक तुकडा आत सारला. "सांगायचं असेल तर सांगा. नसेल सांगायचं तर नका सांगू. पण मला विचारू नका. माझ्याच्याने हो पण म्हणवणार नाही आणि नाही पण."

त्यानंतरचा दीड दिवस मी भिंतीला टेकून काढला. लोकांना वाटलं आजारी आहे, आणि खरं तर होतोच. मी आईपाशी गेलो. म्हणजे त्या गोष्टीत उलट्या पावलांनी गेलो. टपरीतल्या गोष्टीत असं आहे, की भाच्याची सुंता होती, सातशे माणसं जेवायला, आणि मी एकोणीस वर्षांचा, सामुदायिक शेतीचा अध्यक्ष आणि त्याचं गाढव यांच्यावरचा तो विनोद सांगितला. आई हसायला लागली. खांब धरला तिने. खांब हलला, खांबाबरोबर तंबू, तंबूबरोबर शेजारचा तंबू. आसपासच्या सात घरांतलं दूध नासलं. आणि हसता-हसता ती अशी सहज, ढग सरकावा तशी गेली. ही गोष्ट सांगायला एक तास लागतो. मी ती पन्नासहून जास्त वर्षं सांगतोय, आणि सांगता-सांगता मला ती दिसायला लागली होती, तंबू हलताना, खांब. आता भिंतीला टेकून मी तो खांब काढला. सातशे माणसं काढली, पस्तीस होती. नासलेलं दूध काढलं. तेव्हा खाली महिनाभर कपाळाला फडकं आवळून फिरणारी बाई राहिली. मानेमागे बर्फ धरायची ती. पहाटे उठून उकिडवी बसून राहायची, मी विचारलं तर म्हणायची, काही नाही, डोक्यात कोणीतरी लोकर पिंजतंय. त्या सकाळी तिच्या हातातून पळी पडली. दोनदा पडली. मी तंबूत आलो तेव्हा ती खांबापाशी उभी होती आणि तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. दारातून, उजेडातून आत आलेल्या माणसाला ते हसू वाटलं. मी म्हणालो, "आई, कशाला हसतेस?" ती काही बोलली नाही, तोंड तसंच. म्हणून मी तिला अजून हसवायला तो गाढवाचा विनोद सांगितला. सबंध सांगितला. शेवटपर्यंत.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. स्वतःलाही नाही, नाहीतर इतक्या वेळा दुसरं कशाला सांगितलं असतं?

भाऊ कालमामात, त्याचंही असंच उलगडत गेलं. चव्वेचाळीस वर्षांचा. याक होता, खरा होता, चिखलात रुतलेलं वासरू होतं याकचं. कालमामात त्याला ढकलत होता आणि त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं. त्याच्या नाकातून नेहमीच यायचं. बर्फावर थेंब पडायचे आणि आम्ही म्हणायचो, बघा, कालमामात फुलं पेरतोय. तो बसला. मग आडवा झाला. वासरू आपलं आपण बाहेर आलं. कुस्तीचे तीन दिवस मी नंतर घातले, त्याची बायको फार रडत होती म्हणून, तिला बरं वाटावं म्हणून, तिला वाटलंही. थाप वाईट हेतूने मारली असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही. म्हणजे बघा, एकेक करून मी माझ्या माणसांवर लोकरीची जाड पांघरूणं घालत गेलो, रंगीत, शिंगांच्या नक्षीची. आणि त्या दिवशी सगळी एकदम ओढून काढली तर खाली एकच आजार निजलेला, आईपासून माझ्या डाव्या कानापर्यंत. आणि तिथून एक पिढी वगळून पुढे. वगळून? एवढीच एक जागा रिकामी होती. मंगळवारी दुपारी मी ओरोझबेकला फोन लावला.

ओरोझबेक माझा मुलगा. ओशला मोटारींच्या गॅरेजात आहे. बुरूल त्याला दादा म्हणते. तिला चाळीस दिवसांची असताना आम्ही आणली. थोरलं नातवंड आजी-आजोबांचं, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, असतं. माझा थोरला भाऊ असाच आजोबांकडे वाढला. सुनेने बाळ जिपारच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःचे हात काखेत दाबून धरले, थंडी वाजल्यासारखे. जून महिना होता. मी तेव्हा एक विनोद केला. कोणता ते आठवत नाही. वर्षभरात ती दोघं ओशला उतरली, आणि तिथे त्यांना पुढे दोन मुलगे झाले. उन्हाळ्यात येतात, बुरूल त्या पोरांना भाचरं समजून दटावते, आणि सून तिची वेणी घालायला बसली की फार वेळ लावते.

"तुझं डोकं दुखतं का रे?" मी विचारलं.

पलीकडे हातोडीचा आवाज थांबला. "काय झालं बाबा?"

"विचारतोय ते सांग. डोकं. मान. कानात आवाज."

"दोन वर्षं गोळ्या घेतोय मी," तो म्हणाला. "एकशे सत्तर होतं. आता बरं आहे."

"दोन वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तुम्ही सगळ्या मुर्गाबला गोष्ट सांगितली असतीत. ओरोझबेकच्या छातीत वाफेचं इंजिन बसवलंय, ओशची आगगाडी त्याच्यावर चालते, असलं काहीतरी." तो हसला, पण चांगलं हसला नाही. "माझं दुखणं होतं बाबा. मला ते तसंच पाहिजे होतं, दुखण्यासारखं."

मी बुरूलचं सांगितलं. आकडे सांगितले, बाईंनी जे दोन रस्ते सांगितले ते सांगितले. पलीकडे हातोडीचे दोन ठोके पडले.

"मी मागणार नाही," तो शेवटी म्हणाला. "दिलेलं मूल मागत नाहीत. पण तुम्ही पाठवलीत तर तिची आई..." एवढं बोलून तो खोकला आणि म्हणाला, की गिऱ्हाईक आलंय.

तिची आई. दोन शब्द. अकरा वर्षांत ते कुणी आमच्या घरात उच्चारले नव्हते, आणि फोनवर आले तेव्हा त्यांना धूळसुद्धा बसलेली नव्हती.

मला साधू समजू नका. बुधवारी दवाखान्याकडे जाताना मी ठरवलं होतं, की आकडा खाली आला तर तोंड उघडायचं नाही. तोंडात मी देवाचं नाव घेत होतो आणि मनात हिशेब होता, की दीड दिवस तिने मीठ खाल्लं नाही, उतरेल; दहा जरी उतरलं तरी बाई वसंतापर्यंत थांबतील, आणि वसंतात काय होईल ते कुणी पाहिलंय. तिच्याशिवाय घर कसं दिसेल हे मी सकाळपासून बघत होतो. खुंटीवर तिचा शाळेचा कोट नाही. सकाळी कुणी कानाला कान लावत नाही. दोन म्हातारी माणसं, मध्ये चुलीचा धूर, आणि एकाच्या गोष्टी दुसरीला पन्नास वेळा ऐकून पाठ. ती माझी शेवटची श्रोती आहे. बाकीचे ऐकतात, हसतात आणि मला थापाड्या म्हणतात. ती एकटी विश्वास ठेवते. हे मी स्वतःशी कबूल केलं आणि मला स्वतःची किळस आली, की पोरीच्या रक्ताच्या बदल्यात मला एक कान पाहिजे होता.

पट्टा फुगला. बाई ऐकत होत्या, डोळे मिटून. हवा सुटली.

"एकशे छत्तीस," त्या म्हणाल्या. "नव्वद."

बुरूलने माझ्याकडे बघितलं, परीक्षेत किती मिळाले असं विचारल्यासारखं.

"बाई," मी म्हणालो, "त्या दिवशीचं ते खोडा. माझी आई अर्धांगाने गेली. त्रेपन्न वर्षांची होती. महिनाभर डोकं दुखत होतं."

बाई हसल्या. "आज नवी गोष्ट का, आजोबा?"

त्यांचं काय चुकलं? सगळं गाव त्यांना माझ्याबद्दल सांगून चुकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी विश्वास ठेवावा असं वाटत होतं, आणि माझ्याकडे त्यासाठी लागणारं काहीच नव्हतं. मी कोट काढला. बंडी काढली. दंड उघडा करून टेबलावर ठेवला. म्हातारा दंड, कातडी लोंबणारी. "लावा," मी म्हणालो. बाईंनी पट्टा लावला, फुगवला, अजून फुगवला. यंत्राचा काटा वर गेला आणि मला घाटातली लाल रेघ दिसली. त्यांनी दोनदा मोजलं. मग कानातल्या नळ्या काढून त्यांनी मागचा कागद शोधला आणि म्हणाल्या, "सांगा. हळूहळू."

पण हळू सांगण्यासारखं काही नव्हतं. आई, त्रेपन्न, डोकेदुखी, तोंड वाकडं झालं, त्याच दिवशी गेली. भाऊ, चव्वेचाळीस, नाकातून रक्त, जागच्या जागी गेला. मुलगा, पस्तीस, दोन वर्षं गोळ्या. मी. पट्टा दंडावरून सुटायच्या आत संपलं. एवढीशी होती ती गोष्ट.

खोलीत हीटरचा आवाज होता. बुरूल भिंतीकडे बघत बसली होती, पाय हलवत.

"म्हणजे ती हसली नव्हती?" तिने विचारलं.

"नाही."

"आणि गाढवाचा विनोद?"

"तो सांगितला होता. ते खरं आहे."

"आणि याक?"

"याक होता. कुस्ती नव्हती."

पाय हलायचे थांबले. "मग रेडिओ?"

"नुसती शीळ आहे, बुरूल. आजाराची."

"गाणी नाहीत?"

"नाहीत."

"मला कधीच गाणी ऐकू आली नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, माझा रेडिओ अजून लहान आहे."

बाई उठल्या आणि औषधांच्या कपाटात काहीतरी शोधायला लागल्या. ते कपाट इतकं रिकामं होतं, की त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सातला ओशची जीप. बाईंची चिठ्ठी ड्रायव्हरच्या खिशात, दुसरी प्रत बुरूलच्या कोटाच्या अस्तरात जिपारने शिवलेली. सोबतीला शेजारची बाई होती, तिच्या लेकीकडे निघालेली. दोन दिवस बुरूल माझ्याशी बोलली नव्हती. रागाने नव्हे, मी काही सांगितलं तर ते कुठे ठेवायचं हे तिला कळत नव्हतं. वारा होता, आणि तिच्या तोंडात कुरुतचा गोळा नव्हता. जीपचं दार लावताना तिने काच खाली केली.

"तिथे दादाला काय म्हणू?" तिने विचारलं. "आणि वहिनीला?"

मला कोणत्याही प्रश्नाला कधी उत्तर सापडलं नाही असं झालेलं नाही. याही प्रश्नाला माझ्याकडे एकदम पाच-सहा आली, एकाहून एक गमतीची. त्यातल्या एकाने ती नक्की हसली असती. "त्याला बाबा म्हण," मी म्हणालो. "तिला आई. ती तुझीच आहेत."

"आणि तुम्हाला?"

ड्रायव्हरने गिअर टाकला. त्याला काय कळणार? माझ्या तरुणपणी आम्ही निरोप संपल्याशिवाय क्लच सोडत नसू.

दिवसभर मी तिच्याबरोबर उतरलो. तो रस्ता माझ्या ढुंगणाला पाठ आहे, एकेक खड्डा. काराकुलला ती झोपलेली असेल, तोंड उघडं टाकून. खिंडीत डोकं दुखेल, तिथे सगळ्यांचंच दुखतं, ते धरायचं नाही. मग सारी-ताशला उतार सुरू. तिथून गाडी स्वतःच श्वास घ्यायला लागते. आम्ही ड्रायव्हर तिथे शर्टाचं एक बटण सोडायचो, प्रत्येक जण, न बोलता. वळणावळणाने हवा दाट होत जाते, गुलचाच्या आसपास रस्त्याला झाडं लागतात, खरी, पानांची. तिच्या दंडातली ती नस मी डोळ्यांसमोर आणत होतो, तीही एकेक बटण सोडत असेल. पण हे माझं म्हणणं. नसा कशा वागतात हे मला काय ठाऊक?

शनिवारी सकाळी नऊला ओरोझबेकचा फोन आला. पोहोचली म्हणाला. सोमवारी मोठ्या दवाखान्यात नंबर आहे. मी विचारलं, रात्री कशी होती?

"जेवली," तो म्हणाला. "धाकट्यांशी पत्ते खेळली. मग तिच्या आईजवळ झोपली. अजून उठली नाही."

"काही म्हणाली?"

"नाही. काय म्हणणार? छान होती."

"छान," मी म्हणालो. "छान झालं." आणि फोन ठेवला. खरंच छान झालं होतं. मी ते दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं.

जिपार चुलीपुढे बसली होती, माझ्याकडे पाठ करून. फोन वाजला तेव्हा ती कणीक मळत होती. आता हात कणकेत तसेच होते, हलत नव्हते. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली, आणि या एकोणपन्नास वर्षांत या बाईने माझ्याकडे एकही गोष्ट मागितलेली नाही. मी सुरू झालो की ती भांडी घासायला घ्यायची.

"पोहोचली?" तिने विचारलं.

"पोहोचली."

"जेवली?"

"जेवली."

तिने बोटांची कणीक खरवडली. "रडली का?" मग म्हणाली, "आणि हे बघा, खरं सांगू नका."

मी तोंड उघडलं. इतकी वर्षं ज्या तोंडातून तंबू हलले, याक लढले, त्या तोंडात शोधलं तर कोरडं होतं.

"रडली," मी म्हणालो. "खूप रडली."

जिपारची पाठ जरा सैल झाली. "आणि?" ती म्हणाली.